मधल्या मजल्यावरचा ओटा

लालासाहेबांच्या लेकीचं, मायाचं, वर्षश्राद्ध पलूसला पार पडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कराडशेजारच्या मलकापूरला निघाले. गाडी जयराज चालवत होता. शेजारी वडील लालासाहेब बसले होते, मागं आई मनुबाई आणि बायको रेश्मा. धाकटा धैर्यशील बागेच्या छाटणीला गडी लावून मोटरसायकलवरनं मागून यायचा होता.

कुंडल मागं पडलं, ताकारी मागं पडली, तरी गाडीत कुणी तोंड उघडलं नाही. ऊन चढायला लागलं तसे लालासाहेब म्हणाले, "रेश्मा, त्याला म्हणावं काच वर घे. धूळ यायलीय."

जयराज हातभर अंतरावर होता. त्यानं काच वर घेतली. निरोप पोचवायची गरज पडली नाही, पण रेश्मा उगीच "हो आबा" म्हणाली. पुण्याच्या दवाखान्यात मायानं डोळे मिटले त्या दिवसापासून बाप थोरल्या लेकाशी सरळ बोलला नव्हता. जे काय सांगायचं ते सुनेमार्फत. सुरुवातीला रेश्माला वाटलं होतं, दहावं-बारावं झालं की निवळेल. मग वाटलं, दिवाळीला निवळेल. आता वर्ष झालं होतं आणि तिला दोघांच्या मध्ये बसायची सवय झाली होती.

मलकापूरची इमारत लालासाहेबांनी फौजेतून सुभेदार होऊन परतल्यावर बांधली. तीन मजले, एकेका मजल्यावर एकेक फ्लॅट. बरोबरीच्या लोकांनी ऊस लावायला रानं घेतली, यांनी हायवेलगत प्लॉट घेतला. "रान पाण्यावर आन पाणी नशिबावर," ते म्हणायचे, "भाडेकरू तरी पगारावर असतोय." खालचा आणि वरचा मजला भाड्यानं दिला. मधल्या मजल्यावर माया राहायची.

मायाची उंची लहानपणीच थांबली होती. पस्तिशीची झाली तरी पाठमोरी बघितली तर सहा-सात वर्षांची पोर वाटायची. लग्नाचा विषय घरात दोन-तीनदा निघाला आणि मग निघायचा बंद झाला. इमारतीचं काम चालू असताना लालासाहेबांनी तिला विचारलं होतं की तुला काय पाहिजे. ती म्हणाली होती, मला माझ्या उंचीचा स्वयंपाकाचा ओटा करून द्या. त्यांनी ओटा केला, सिंक खाली घेतलं, खिडकीसुद्धा खाली घेतली. त्या ओट्यावर मायानं नर्सिंगच्या पोरींचे डबे करायला सुरुवात केली आणि बघता बघता वडूज, जत, कुठकुठल्या गावच्या पोरी "मायाताईच्या मेसला" जेवून शिकून नोकरीला लागल्या.

आता तो मजला वर्षभर कुलपात होता. खालचे आणि वरचे भाडेकरूही उन्हाळ्याच्या तोंडावर घर सोडून गेले होते. दोघांचीही तक्रार एकच होती. स्वयंपाकघर. कडाप्पा उखडलेला, सिंक गळतंय, फटीतनं झुरळं. म्हणून आज सगळ्यांनी बसून ठरवायचं होतं की कुठं किती काम करायचं. दुपारी बिराप्पा मिस्त्री मापं घ्यायला येणार होता.

खालच्या मजल्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये मनुबाईंनी सतरंजी टाकली. धैर्यशील आला, हातपाय धुऊन बसला. जयराजनं मोबाईलमधले फोटो काढून धाकट्या भावापुढं धरले.

"तिन्ही किचन एकदम करून टाकू. खाली सगळ्या ट्रॉल्या, वर कपाटं, चिमणी. इथल्या दवाखान्यातली डॉक्टर मंडळी राहायला येतील. अर्धंमुर्धं करून दोन वर्षांनी परत फोडाफोडी नको."

धैर्यशीलनं फोटो नीट बघितलेसुद्धा नाहीत. "दादा, भाड्याचं घर हाय ते. ट्रॉल्यांची चाकं भाडेकरू वरसात मोडतोय. मग रातच्याला फोन कुणाला येतोय? मला. तू पुण्यात असतोस. काळा ग्रॅनाइट टाक, भितीला टाइल्स लाव, भांडी घासायला खोल सिंक दे. बास झालं."

"तुला सगळीकडं काटकसरच दिसते."

"आन तुला सगळीकडं पुणं दिसतंय."

दोघं रेश्माकडं वळले. घरातल्या वादात शेवटी तिलाच पंच करायची पद्धत कधी पडली हे तिलाही आठवत नव्हतं. ती म्हणाली, "भावजी बरोबर बोलतायत."

जयराजनं तिच्याकडं बघितलं.

"मी स्वतः घरं बघत फिरलेय," ती म्हणाली. "बाई घर बघायला आली की आधी नळ सोडून बघते. पाणी तुंबतं का, ओट्यावर उजेड पडतो का, सिंकखाली वास येतो का. चिमणी आहे का नाही हे ती दारातून बाहेर पडताना विचारते. ज्यावर रोज हात पडतो तेवढं चांगलं करा. ओटा, नळ, टाइल्स, आणि गॅसखाली भांड्यांना दोन ट्रॉल्या. बाकी ज्याचं त्यानं करून घ्यावं."

"दोन ट्रॉल्यांना माझी ना न्हाई," धैर्यशील म्हणाला.

जयराजनं मोबाईल खिशात टाकला. "बरं. तिन्ही मजले असेच करू मग."

लालासाहेब इतका वेळ खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. तिथूनच म्हणाले, "खाली करा. वर करा. मधल्याला हात लावायचा न्हाई."

मग जयराज समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाला, "म्हणजे ते घर कायम कुलपातच ठेवायचं का? त्या ओट्यावर दुसरं कोण उभं राहणार आहे? दोन बिऱ्हाडांना मी फोटो दाखवला, ती परत आली नाहीत. एक बाई तर हसली."

"ऱ्हाऊ दे की दादा बंद," धैर्यशील म्हणाला. आत्तापर्यंत खर्चाचं बोलणारा तो, एकदम बापाच्या बाजूला जाऊन बसल्यासारखा झाला. "आबांचं मन हाय तर ऱ्हाऊ दे. कुलूप काय खायला मागतंय व्हय?"

"मागतंय," मनुबाई म्हणाल्या.

त्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मनुबाई बैठकीत सहसा बोलत नसत. बोलल्या तरी चहाचं नाहीतर जेवणाचं. त्यामुळं पहिल्यांदा कुणाच्या लक्षातच आलं नाही की त्या मुद्द्याचं बोलतायत.

"दर सोमवारी मी कराडला डोळ्याच्या डाक्टरकडं येते म्हणून सांगते ना," त्या म्हणाल्या, "डोळ्याला काय धाड भरलीय माझ्या? मी हितं येते. दुसरी किल्ली हाय माझ्याकडं. दारंखिडक्या उघडते, झाडून काढते, ओटा पुसते. वाकून हुत न्हाई, मग गुडघं टेकून पुसते. आन परत कुलूप लावून येष्टी धरते."

"मला बोलली न्हाईस," लालासाहेब म्हणाले.

"तुमी कवा इचारलं? तुमी नुसतं कुलूप राखताय. आतली धूळ मी पुसते." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं त्या सांगत होत्या. "म्हयना-दोन म्हयनं बरं वाटायचं. तिचं घर हाय, तिचं हाय म्हणायची. आता जिन्यावर पाय ठिवला की छातीत कसंतरी हुतंय. आत कोण न्हाई हे दर सोमवारी नव्यानं कळतंय. माझ्यानं आता हुईना झालंय हे."

धैर्यशील मान खाली घालून सतरंजीचा धागा ओढत राहिला. रेश्माला सासूजवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण मनुबाईंच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिथं जवळ जायची छाती होईना.

लालासाहेब खुर्ची आत वळवून म्हणाले, "ती फिरदोस येणार हाय ना आज?"

"हो आबा. येईलच आता," रेश्मा म्हणाली.

फिरदोस वडूजची. शिकत असताना तीन वर्षं मायाच्या हातचं जेवली, आता इथल्याच दवाखान्यात नर्स होती. आईला गावाहून आणायचं म्हणून तिला घर पाहिजे होतं आणि तिनं आपण होऊन रेश्माला फोन केला होता.

"तिला द्या मधला मजला," लालासाहेब म्हणाले. "मायाच्या हातचं खाल्लेली पोर हाय. ती जसंच्या तसं ठिवंल. भाडं काय देईल ते देईल. मग न्हाई ना कुणाची हरकत?"

हे बोलताना त्यांचा चेहरा एवढा मोकळा झाला की जयराजनंही होकाराची मान हलवली. वर्षभरात रेश्मानं म्हाताऱ्याला असं बघितलं नव्हतं. तिला वाटलं, होऊन जाऊ दे असंच. कुणाचं काही मोडायला नको.

फिरदोस ड्युटी संपवून तशीच आली. मनुबाईंच्या पाया पडली, त्यांचे हात धरून थोडा वेळ उभी राहिली. मग सगळे जिना चढून वर गेले. मनुबाईंनी कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. लालासाहेब स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

फिरदोस आत गेली. खाली घेतलेल्या खिडकीतून आगाशिवचा डोंगर दिसत होता. ओटा तिच्या मांडीपाशी येत होता. तिनं वाकून त्याच्यावरनं हात फिरवला आणि तिला रडू आवरेना. रेश्मा तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"पोरी," लालासाहेब दारातून म्हणाले, "घर तुलाच द्यायचं ठरलंय. फकस्त एक हाय. हा ओटा हाय तसा ठिवायचा. ठिवशील न्हवं?"

फिरदोसनं ओढणीनं डोळे पुसले. रेश्माला तिच्या गप्प बसण्यातच उत्तर कळलं आणि ते तिनं देऊ नये असं वाटत राहिलं.

"आबा, तुम्हाला हो म्हणून राहायला आल्यावर मी गुपचूप काहीतरी सोय केली असती," फिरदोस म्हणाली. "पण तुमच्याशी खोटं कसं बोलू? अम्मीच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. तिला अजिबात वाकायचं नाही. आणि मी दिवसभर पेशंटवर वाकूनच असते. या ओट्यावर आम्हा दोघींचा एक महिनाही निघणार नाही."

"एक टेबल घ्यायचं. गॅस त्याच्यावर," धैर्यशील म्हणाला.

"मग ओटा कशाला, भावजी?" रेश्मा हळूच म्हणाली.

"मायाताई आम्हाला इथं कधी चपात्या लाटू द्यायच्या नाहीत," फिरदोस म्हणाली. "मदतीला आलो की खाली पाट द्यायच्या. म्हणायच्या, हा ओटा माझ्या मापाचा आहे, तुमच्या पाठी जातील, खाली बसा. एकदा मी ऐकलं नाही तर लाटणं काढून घेतलं हातातनं." ती रडता रडता थोडी हसली. "त्यांनीच आम्हाला इथं उभं राहू दिलं नाही, आबा."

लालासाहेबांचा मघाशी उजळलेला चेहरा बघता बघता विझला. त्यांनी चौकटीला हात लावला आणि वर्षभरात पहिल्यांदा ते जयराजकडं वळून, त्याच्या डोळ्यांत बघून बोलले.

"ती म्हणत हुती मला मलकापूरला न्या. फोनवर रडून सांगत हुती. तू न्हाई आणलीस. आता तिचा ओटाबी तुला नको झालाय."

जयराज म्हणाला, "आबा, डॉक्टर म्हणाले होते..."

"डाक्टर म्हणतेत. ती काय म्हणत हुती ते इचारतोय मी. तिच्या घरात मराय मिळालं न्हाई तिला."

रेश्मानं नवऱ्याकडं बघितलं. आबांना कुणावर तरी रागावू दे, नाहीतर ते स्वतःवर रागावतील, असं तो एकदा तिला म्हणाला होता, आणि म्हणून तीही वर्षभर गप्प राहिली होती. आज ती गप्प राहिली असती तर या दोघांमध्ये तिला जन्मभर निरोप्या होऊन राहावं लागलं असतं.

"आबा, गाडी ठरली होती," ती म्हणाली.

लालासाहेबांनी मान वळवली.

"ॲम्ब्युलन्स ठरली होती. डॉक्टर नको म्हणत होते तरी यांनी ठरवली होती. मायाताईंचे कपडे मी भरले. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, वहिनी, नको. मी विचारलं, का हो, इतके दिवस तर मागं लागला होता. त्या म्हणाल्या..." रेश्मानं ओट्याकडं बघितलं. "त्या म्हणाल्या, मला तिथं उभं राहता येणार नाही. आडवी पडून माझा ओटा बघू का? तिथं मी कायम काहीतरी करत असायची. आबांच्या डोळ्यांपुढं मी तशीच राहू दे. त्यांना सांगू नका मी नको म्हटलं म्हणून. दादाला म्हणावं, मीच नको म्हणालो असं सांग."

मनुबाई ओट्याच्या कडेला टेकून खाली बसल्या. फिरदोस त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

"तिनं सांगितलं असं?" लालासाहेबांनी विचारलं. ते रेश्माला विचारत होते, पण बघत होते जयराजकडं.

जयराजनं मान हलवली. "तिला तुमचा राग सोसला नसता, आबा. माझं काय, मला सवय आहे."

हे तो थट्टेनं म्हणाला असावा, पण बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. पन्नाशीला आलेला माणूस भावाबायकोदेखत भिंतीकडं तोंड करून रडायला लागला. लालासाहेब उंबरा ओलांडून आत आले. त्यांनी लेकाच्या खांद्यावर हात ठेवला नाही, की काही समजूत घातली नाही. ते नुसते त्याच्याशेजारी येऊन उभे राहिले, छावणीत दोघं पहाऱ्यावर उभे राहावेत तसे, आणि तो थांबेपर्यंत तिथून हलले नाहीत.

खाली मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. बिराप्पा मिस्त्री आला होता. मूळचा जतकडचा, बोलण्यात कानडीचा हेल, पण गेली कितीतरी वर्षं कराड-मलकापुरात कामं करणारा. खालचं आणि वरचं माप घेऊन तो मधल्या मजल्यावर आला, दाराशी चपला काढल्या आणि आतली माणसं बघून थबकला.

"नंतर येऊ काय?" त्यानं विचारलं.

"न्हाई," लालासाहेब म्हणाले. "आत्ताच घे माप."

"हितं काय करायचं, साहेब?"

धैर्यशीलनं बापाकडं बघितलं. जयराजनंही बघितलं.

"खाली-वर करणार तसंच," लालासाहेब म्हणाले. "ग्रॅनाइट. टाइल्स. मायाचा ओटा काढायचा आन नवा बांधायचा. ह्या पोरीच्या आईला वाकाय लागू नये."

"सिंक पण वर घ्यायला लागंल मग. खिडकी?"

खिडकीचं कुणी ठरवलं नव्हतं. मनुबाई खालूनच म्हणाल्या, "खिडकी ऱ्हाऊ दे. खाली बसून भाजी निवडताना डोंगर दिसतोय." आणि फिरदोस लगेच म्हणाली, "हो, खिडकी राहू दे. अम्मीला आवडेल."

बिराप्पानं टेप काढला, कानामागची पेन्सिल हातात घेतली. "उंची किती धरू? साधारण जी असती ती धरतो, पण एकदा बाईमाणूस उभं राहून बघितलेलं बरं. वैनी, तुमी जरा या."

रेश्मा पुढं झाली. ओटा आडवा येत असल्यामुळं भिंतीला लागून उभं राहता येईना, मग ती कडेच्या मोकळ्या जागेत सरकली आणि चपाती लाटताना धरतो तसे तिनं हात पुढं धरले. बिराप्पानं तिच्या कोपराच्या जरा खाली टेप लावला, मनाशी हिशेब केला आणि भिंतीवर पेन्सिलीनं एक आडवी रेघ ओढली. रेघ जुन्या ओट्याच्या बरीच वर आली.

रेश्मा बाजूला झाली.

लालासाहेब त्या रेघेजवळ गेले. थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात पालथा करून हवेत धरला, लेकरू केवढं झालं हे पाव्हण्याला दाखवताना धरतात तसा. हात हळूहळू वर-खाली करून एका उंचीवर थांबवला. त्यांचा अंदाज चुकणार नव्हता. रेघ त्या हाताच्या वीतभर खाली होती. तिथं माया उभी असती तर ती रेघ तिच्या खांद्याला लागली असती.

"लय उंच हाय गं," ते मनुबाईंना म्हणाले.

मनुबाई उठल्या. पदरानं तोंड पुसलं. नवऱ्याचा हवेत धरलेला हात त्यांनी धरून खाली घेतला आणि बिराप्पाला म्हणाल्या, "बरोबर हाय. एवढाच धर."